कलर मोड बदलला आणि जुना रंग परत येईना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल-इतवारीतले डीटीपीवाले, सीताबर्डीतले फ्लेक्सवाले आणि नुकतं डिझाइन शिकून कामाला लागलेली मुलं-मुली हेच प्रश्न फिरून फिरून पाठवतात. दसऱ्याआधी, हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास आणि लग्नसराईत तर रोजच. म्हणून सगळे एका जागी, सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. कलर मोड म्हणजे फाइलमधले रंग कोणत्या हिशेबाने लिहिले आहेत ती पद्धत. आपल्याकडच्या दुकानांत जास्त चालणारे फोटोशॉप आणि कोरलड्रॉ धरून बहुतेक उत्तरं आहेत. फाइल आत्ता उघडी असेल आणि जीव टांगणीला लागला असेल तर काहीही बंद न करता आधी प्रश्न ३ आणि ४ वाचा.

१. आरजीबीचं सीएमवायके केलं की रंग डल का पडतो? माझ्या कॉम्प्युटरमध्येच काही बिघाड आहे का?

बिघाड नाही. आरजीबी हा स्क्रीनच्या उजेडाचा हिशेब आहे: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. सीएमवायके हा शाईचा हिशेब आहे: सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक, प्रत्येकी ० ते १०० टक्के. स्क्रीनवर दिसणारे कितीतरी रंग या चार शायांतून निघतच नाहीत. असा रंग आला की सॉफ्टवेअर त्याला छापता येईल अशा जवळच्या रंगावर आणून ठेवतं.

सगळ्यात जास्त मार बसतो भडक निळ्याला, पोपटी हिरव्याला आणि झगझगीत केशरीला. त्यातले दोन तर नागपूरचे रोजचे रंग. धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी दीक्षाभूमीच्या वाटेवर लागणाऱ्या बॅनरांचा निळा जांभळट होतो, आणि संत्रा बर्फीच्या डब्यावरचा केशरी मळकट दिसायला लागतो.

२. सीएमवायके आवडलं नाही तर मोडमधून परत आरजीबी निवडायचं. झालं की पहिल्यासारखं, नाही का?

नाही. बहुतेक फाइली इथेच बिघडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अनडू, म्हणजे कंट्रोल झेड, म्हणजे केलेलं काम मागे घेणं. सॉफ्टवेअरने जुनी अवस्था जपून ठेवलेली असते, ती जशीच्या तशी परत मिळते. मोडमधून पुन्हा आरजीबी निवडणं म्हणजे काहीही मागे न घेता आणखी एक नवं रूपांतर करणं. ते रूपांतर आता समोर असलेल्या सीएमवायके आकड्यांवरून होतं, आणि मूळ रंग काय होता हे त्या आकड्यांत कुठेच लिहिलेलं नसतं.

करून बघा. फोटोशॉपमध्ये आरजीबी ०, ०, २५५ हा शुद्ध निळा भरा. कलर सेटिंग्ज मूळ अमेरिकन ठेवणीची असतील, म्हणजे आरजीबीला एसआरजीबी आणि सीएमवायकेला यू. एस. वेब कोटेड स्वॉप हे प्रोफाइल, तर सीएमवायके केल्यावर तो साधारण सायन ८८, मॅजेंटा ७७ होतो. यलो आणि ब्लॅक शून्य. आता मोडमधून परत आरजीबी करा. आकडे येतात साधारण ५७, ८३, १६४. फाइलच्या नावापुढे आरजीबी लिहिलेलं दिसतं, पण तो निळा गेला तो गेला. आटवलेल्या दुधात पाणी ओतलं तर भांडं भरतं, दूध पहिलं होत नाही.

३. मग कंट्रोल झेडने शंभर टक्के पहिलं येतं का?

येतं. फाइल उघडी असेल आणि ती पायरी हिस्टरीत, म्हणजे केलेल्या कामाच्या यादीत, शिल्लक असेल तर मोड बदलाचा अनडू पिक्सेल, लेयर, सगळं पूर्ववत करतो. मधे सेव्ह केलं असलं तरी चालतं. सेव्ह केल्याने हिस्टरी पुसली जात नाही, फाइल बंद केल्याने पुसली जाते.

जुनं फोटोशॉप असेल तर एक लक्षात ठेवा. २०१९ च्या आवृत्तीआधी, म्हणजे ऑक्टोबर २०१८ पूर्वी, कंट्रोल झेड एकच पायरी मागे जायचा आणि दुसऱ्यांदा दाबला की तीच पायरी परत पुढे. तिथे मागे मागे जायला कंट्रोल ऑल्ट झेड लागतं. आपल्याकडे कितीतरी मशीनवर अजून जुन्या आवृत्त्या चालतात, आणि “कंट्रोल झेड दाबला की रंग येतो नि जातो” ही तक्रार तिथूनच येते.

४. मोड बदलून मी बरंच काम केलं. आता कंट्रोल झेड तिथपर्यंत पोचतच नाही. काय करू भाऊ?

सगळ्यात आधी, फाइल बंद करू नका.

फोटोशॉपच्या मूळ सेटिंगमध्ये हिस्टरीच्या ५० पायऱ्या राहतात. ब्रशचा एक फटकारा म्हणजे एक पायरी, त्यामुळे रिटचिंग करणाऱ्याचे ५० बघता बघता संपतात. पण विंडो मेनूतून हिस्टरी पॅनल उघडा आणि वर सरकवत थेट टोकाला जा. तिथे फाइलच्या नावाचं एक छोटं चित्र असतं. तो फाइल उघडली त्या क्षणाचा स्नॅपशॉट. ५० च्या मर्यादेशी त्याचा संबंध नाही. फाइल उघडी आहे तोवर तो असतो. त्यावर क्लिक केलं की उघडताना होती तशी फाइल समोर येते.

पण मधल्या दोन तासांचं कामही त्याबरोबर जाईल. म्हणून आधी इमेज मेनूतून डुप्लिकेट करून आजची अवस्था वेगळी ठेवा, मग मूळ फाइलमध्ये स्नॅपशॉटवर जा. दोन्ही शेजारी उघड्या ठेवल्या की मजकूर, लोगो वगैरे डुप्लिकेटमधून ओढून आणता येतात. फोटोचा मूळ रंग मात्र स्नॅपशॉटमधूनच घ्यायचा.

पुढच्या वेळेसाठी, मोड बदलण्याच्या आधी हिस्टरी पॅनलच्या खालच्या कॅमेऱ्यावर क्लिक करून स्वतः स्नॅपशॉट घ्या. प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्समध्ये पायऱ्यांचा आकडा १००० पर्यंत वाढवता येतो, पण मोठ्या फ्लेक्सच्या फाइलला तो मशीनवर ओझं होतो. माझं मत विचाराल तर आकडा थोडाच वाढवा आणि स्नॅपशॉटची सवय लावा. एडिट मेनूतल्या पर्जमधून हिस्टरी रिकामी केली तर या पायऱ्या जातात, आणि पर्जला अनडू नाही.

५. सीएमवायके करून सेव्ह केलं, मशीन बंद करून घरी गेलो. आता सकाळी काही होऊ शकतं का?

अनडूने नाही. स्नॅपशॉटही फाइलबरोबर सेव्ह होत नाहीत. फोटोशॉपची दर दहा मिनिटांची ऑटो रिकव्हरी सॉफ्टवेअर कोसळलं तर कामाला येते. नीट सेव्ह करून बंद केलेल्या फाइलला तिचा उपयोग नाही. तरी हात टेकण्याआधी या जागा तपासा.

फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे मूळ फाइल आत जपणारा लेयर म्हणून, ठेवला होता का? असेल आणि मोड बदलताना रास्टराइझ केला (नुसत्या पिक्सेलचा करून टाकला) नसेल, तर लेयरच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक करा. आतली फाइल आपल्या मूळ मोडमध्ये, म्हणजे आरजीबीतच असते. बाहेरची फाइल सीएमवायके झाली तरी तिला धक्का लागत नाही. हे पुष्कळांना माहीतच नसतं, आणि पुष्कळ कामं यावर वाचतात.

कोरलड्रॉ असेल तर फोल्डरमध्ये ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाने सुरू होणारी फाइल शोधा. त्या आधीच्या सेव्हची अवस्था तिच्यात असते. ती उघडण्याआधी कॉपी करून ठेवा, कारण मूळ फाइल पुन्हा सेव्ह केली की तीही बदलते.

फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर असेल तर त्या फाइलची जुनी आवृत्ती मागता येते. नाहीतर ग्राहकाने पाठवलेला मूळ फोटो, कॅमेऱ्याचं कार्ड, ईमेलचं सेंट फोल्डर. यातलं काहीच नसेल तर सीएमवायके फाइल परत आरजीबी करून सॅच्युरेशन वाढवता येतं, पण तो नव्याने चढवलेला रंग असतो. ग्राहकाला तसं आधीच सांगा.

६. मी मोड बदललाच नाही, तरी रंग एकदम फिके झाले. कंट्रोल झेड दाबला तर माझं काम मागे जातं, रंग मात्र तसाच! असं का?

नव्वद टक्के वेळा चुकून कंट्रोल वाय दाबलेला असतो. वर्ड-एक्सेलची सवय असलेला हात रीडू (मागे घेतलेलं पुन्हा आणणं) म्हणून कंट्रोल वायवर जातो. फोटोशॉपमध्ये तो रीडू नाही, प्रूफ कलर्स आहे. छापल्यावर रंग कसा दिसेल याची ती नुसती झलक असते आणि फाइलमध्ये काहीही बदललेलं नसतं. बदल नाही, तर मागे घ्यायलाही काही नाही. म्हणून कंट्रोल झेड बिचारा त्याच्या आधीचं तुमचं काम मागे घेत सुटतो.

फाइलच्या टॅबवर बघा. ‘आरजीबी/८’ च्या पुढे आणखी एक तिरकी रेघ आणि ‘सीएमवायके’ दिसत असेल तर खात्रीच झाली. पुन्हा कंट्रोल वाय दाबा, रंग परत येतात. मागे गेलेलं काम कंट्रोल शिफ्ट झेडने पुढे आणा. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि कोरलड्रॉ तिन्हीकडे रीडू तोच आहे.

चित्रात जागोजागी करडे डाग आले असतील तर कंट्रोल शिफ्ट वाय दाबलं गेलं आहे. ती गॅमट वॉर्निंग: छापता न येणारे रंग करड्याने झाकलेले दिसतात. तीही त्याच कळांनी बंद होते.

७. कलर सेटिंग्जमध्ये काहीतरी बदललं गेलं. तिथला बदल अनडू का होत नाही?

कारण तो चित्रातला बदल नाही, सॉफ्टवेअरच्या ठेवणीतला आहे. पॅनल, प्रेफरन्सेस, अ‍ॅक्शन आणि कलर सेटिंग्ज यांतले बदल फोटोशॉपच्या हिस्टरीत नोंदलेच जात नाहीत. एडिट मेनूतल्या कलर सेटिंग्जमध्ये परत जाऊन हातानेच आधीचं सेटिंग निवडावं लागतं. तुमच्या प्रेसने दिलेलं सेटिंग तिथूनच नाव देऊन सेव्ह करून ठेवा, म्हणजे दोन क्लिकचं काम. सेटिंग चुकीचं असताना ज्या फाइलींचा मोड बदलला, त्यांना मात्र प्रश्न ३ ते ५ लागू.

८. मोड बदलताना ‘मर्ज करू का’ असं विचारतं. काय दाबायचं?

मर्ज केलं तर दिसणं जास्त जवळचं राहतं, पण लेयर जातात. नाही म्हटलं तर लेयर राहतात, पण मल्टिप्लाय, स्क्रीन असे लेयर एकमेकांत मिसळण्याचे ब्लेंड मोड सीएमवायकेमध्ये वेगळा हिशेब करतात आणि सावल्या, चमक बदलते. शिवाय व्हायब्रन्स, ब्लॅक अँड व्हाइट यांसारखे काही अ‍ॅडजस्टमेंट लेयर सीएमवायकेमध्ये चालतच नाहीत. ते टाकून देण्याची सूचना येते आणि घाईत आपण ओके दाबून मोकळे होतो.

माझं सांगणं, या पेचात पडूच नका. इमेज मेनूतून डुप्लिकेट करा, तिथेच लेयर मर्ज करून नक्कल करण्याचा पर्याय निवडा, आणि मोड त्या नकलेचा बदला. लेयरवाली आरजीबी पीएसडी जशीच्या तशी राहते, आणि अनडूची गरजच उरत नाही.

९. कोरलड्रॉमध्ये डॉक्युमेंटचा मोड बदलला, पण रंग बदललेच नाहीत. आणि बिटमॅपचा बदलला तर अनडू पुरत नाही. हा काय प्रकार?

कोरलड्रॉचा कारभारच वेगळा आहे. एकाच पानावर एक वस्तू आरजीबी, दुसरी सीएमवायके, तिसरी स्पॉट कलर, म्हणजे वेगळ्या तयार शाईची, असू शकते. डॉक्युमेंटचा प्रायमरी कलर मोड नवी पॅलेट कोणती दिसेल, ट्रान्सपरन्सी-ब्लेंड कशात होतील हे ठरवतो; आधीच भरलेले रंग तो बदलत नाही. म्हणून तो परत फिरवला तरी काही बिघडत नाही. भरलेले रंग बदलायचे तर फाइंड अँड रिप्लेसमधून एका कलर मॉडेलचे सगळे रंग दुसऱ्या मॉडेलमध्ये नेता येतात.

बिटमॅप मेनूतला मोड मात्र खरोखर पिक्सेल बदलतो, आणि प्रश्न २ मध्ये सांगितलेलं सगळं त्याला लागू. ऑप्शन्समध्ये अनडू लेव्हलचे दोन वेगळे आकडे असतात, एक साध्या कामाचा आणि एक बिटमॅप इफेक्टचा. आपण पहिलाच बघतो. दुसराही बघा आणि कमी असेल तर वाढवा.

तरी यापेक्षा चांगला मार्ग असा: सीडीआरमध्ये, म्हणजे कोरलड्रॉच्या फाइलमध्ये, फोटो आरजीबीच राहू द्या आणि पब्लिश टू पीडीएफ करताना रंगाच्या टॅबमध्ये आउटपुट सीएमवायके निवडा. रूपांतर पीडीएफमध्ये होतं आणि सीडीआर शाबूत राहते.

१०. इलस्ट्रेटरमध्ये?

एका फाइलला एकच मोड: फाइल मेनूतला डॉक्युमेंट कलर मोड. तो बदलला की सगळे साधे रंग एकदम बदलतात, परत फिरवले की प्रश्न २ सारखंच होतं. इथे अनडूच्या भरवशावर राहू नका. मोडला हात लावण्याआधी सेव्ह अ‍ॅज करून दुसऱ्या नावाने फाइल करा. लिंक केलेल्या फोटोंच्या मूळ फाइलींना धक्का लागत नाही, हा लिंक ठेवण्याचा मोठा फायदा.

इनडिझाइनवाले विचारतात त्यांच्यासाठी: तिथे असा फाइलभर मोडच नाही. प्रत्येक स्वॉचचा (साठवलेल्या रंगाचा) मोड वेगळा, आणि ट्रान्सपरन्सीचा ब्लेंड स्पेस एडिट मेनूत.

११. पत्रिकेतला काळा मजकूर छापून आला तर अक्षरांना लाल-निळी किनार! फाइल एकदा आरजीबी होऊन परत सीएमवायके झाली होती. संबंध आहे का?

थेट संबंध आहे, आणि माझ्या मते मोड बदलाचं सगळ्यात महागडं नुकसान हेच. रंग डल पडला तर निदान स्क्रीनवर दिसतो. हे स्क्रीनवर दिसतच नाही.

नीट बघू. तुम्ही मजकूर बरोबर भरला होता: ०, ०, ०, १००, म्हणजे फक्त काळी शाई, एकच प्लेट (छपाईत प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते). वर सांगितलेल्या स्वॉप सेटिंगवर फाइल आरजीबी केली की हा काळा होतो ३५, ३१, ३२. पुन्हा सीएमवायके केली की तो होतो साधारण ७०, ६७, ६४, ७४. डोळ्याला तोच काळा. पण आता प्रत्येक अक्षर चार प्लेटवर आहे आणि त्यावर एकूण २७५ टक्के शाई चढते. मशीनवर कागद केसभर सरकला की चारही ठसे एकावर एक बसत नाहीत.

इंग्रजीपेक्षा आपल्या लिपीला हे जास्त जाचतं. आठ पॉइंटातला ‘र्वी’ घ्या. वेलांटी आणि रफार एकमेकांना खेटून असतात, मधली पांढरी जागा जेमतेम. तिथे मॅजेंटाची कड सरकली की ती जागा बुजते. अनुस्वाराच्या एका टिंबाची दोन रंगीत टिंबं दिसतात. ‘चि. सौ. कां.’ मधली टिंबं बघा, बिघाड असेल तर तिथे पहिल्यांदा सापडतो.

तपासायचं असं. फोटोशॉपमध्ये चॅनल्स पॅनलवर ब्लॅकचा डोळा बंद करा. मजकूर गायब व्हायला हवा. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये एकेक प्लेट वेगळी दाखवणारा सेपरेशन्स प्रीव्ह्यू आहे. पीडीएफ असेल तर अ‍ॅक्रोबॅट प्रोचं आउटपुट प्रीव्ह्यू. मजकूर जिवंत, म्हणजे अजून टाइप करून बदलता येणारा, असेल तर रंग पुन्हा फक्त काळी १०० करा: इलस्ट्रेटरमध्ये सारख्या फिलचे सगळे निवडून, कोरलमध्ये फाइंड अँड रिप्लेसने. मजकूर रास्टराइझ झाला असेल तर नव्याने टाइप करणंच बरं. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमधून पीडीएफ काढताना आउटपुटमध्ये आकडे जपून रूपांतर करण्याचा, ‘प्रिझर्व्ह नंबर्स’चा पर्याय निवडला तर असा शुद्ध काळा बिघडत नाही.

एक अपवाद. मोठी काळी पार्श्वभूमी असेल तर नुसता १०० टक्के ब्लॅक कागदावर राखाडी वाटतो. तिथे ६०, ४०, ४०, १०० असा भरीव काळा मुद्दाम देतात. वर्तमानपत्राच्या कागदाला मात्र एकूण शाई २४० टक्क्यांच्या आत हवी, आणि हा बरोबर त्या काठावर आहे. प्रेसला विचारून घ्या.

१२. कन्व्हर्ट टू प्रोफाइल आणि असाइन प्रोफाइल यांत फरक काय? दोन्ही अनडू होतात का?

प्रोफाइल म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा रंग कसा दिसावा हे सांगणारी नोंद. कन्व्हर्ट दिसणं टिकवतं आणि आकडे बदलतं. असाइन आकडे टिकवतं आणि दिसणं बदलतं. फाइल उघडी असताना दोन्ही अनडू होतात. बंद केल्यावर फरक पडतो: चुकीचं असाइन केलेलं प्रोफाइल काढून मूळचं पुन्हा असाइन केलं की सगळं पूर्ववत, कारण आकड्यांना हातच लागला नव्हता. कन्व्हर्टला ही सोय नाही. रंग अचानक बिघडलेली फाइल हातात आली की आधी प्रोफाइल तपासा. पुष्कळदा नुकसान झालेलंच नसतं.

१३. ग्रेस्केल, इंडेक्स्ड, बिटमॅप, लॅब: यांचं काय?

ग्रेस्केलमध्ये रंगाची माहिती टाकूनच दिली जाते. इंडेक्स्डमध्ये जास्तीत जास्त २५६ रंग उरतात आणि लेयर सपाट होतात. बिटमॅपमध्ये नुसता काळा-पांढरा, आणि तिथे जायला आधी ग्रेस्केल करावं लागतं. या तिघांतून परत आरजीबी केलं तरी गेलेलं येत नाही. कृष्णधवल फोटो हवा असेल तर मोडला हात न लावता ब्लॅक अँड व्हाइटचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका, केव्हाही काढता येतो.

लॅब वेगळा. त्याची व्याप्ती आरजीबीपेक्षा मोठी, त्यामुळे रंग कापले जात नाहीत. ८ बिटमध्ये आकड्यांची थोडी गोळाबेरीज होते, १६ बिटमध्ये ती नगण्य. परतीचा प्रवास चालतो असा हा एकच मोड.

१४. मी गिंप वापरतो, मैत्रीण अ‍ॅफिनिटी आणि कॅनव्हा. आम्हाला यातलं काय लागू?

गिंपमध्ये सीएमवायके हा कामाचा मोड नाही. मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीतही सीएमवायकेची झलक बघता येते आणि काही फॉरमॅट सीएमवायकेमध्ये एक्स्पोर्ट होतात, पण फाइल आरजीबीच राहते. त्यामुळे ही अडचण कमी, इंडेक्स्ड-ग्रेस्केलची तेवढी राहते. त्याचा अनडू पायऱ्यांबरोबर मेमरीच्या मर्यादेवरही चालतो, मोठ्या चित्राला लवकर संपतो.

अ‍ॅफिनिटीमध्ये फाइल मेनूत ‘सेव्ह हिस्टरी विथ डॉक्युमेंट’ आहे. ते चालू असेल तर फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तरी मागे जाता येतं. मोड बदलण्याआधी चालू करा. फाइल दुसऱ्याला देताना मात्र हिस्टरी नसलेली प्रत द्या, नाहीतर आतला जुना मजकूरही त्याला दिसेल.

कॅनव्हात काम आरजीबीतच होतं. सीएमवायकेचा पर्याय प्रिंटची पीडीएफ उतरवताना येतो.

१५. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल प्रेसवाला म्हणतो आरजीबी आहे. मी तर सीएमवायके केली होती!

फोटो म्हणून पाठवली तर व्हॉट्सअ‍ॅप ती पुन्हा दाबून लहान करतं, मोडची खात्री राहत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, शक्यतो पीडीएफ. पीएनजी पाठवली असेल तर प्रश्नच मिटला: पीएनजीमध्ये सीएमवायके असतच नाही. आणि प्रेसकडून आलेली फाइल तुमच्या मूळ फाइलवर सेव्ह करू नका.

१६. ग्राहक अडून बसला आहे: “स्क्रीनवर होता तोच संत्र्याचा रंग डब्यावर पाहिजे.” मोड कितीही वेळा बदलला तरी येत नाही.

चार शायांतून तो येणारच नाही, कितीही अनडू-रीडू केलं तरी. पाचवी शाई घ्यावी लागेल. केशरी स्पॉट कलर म्हणून वेगळ्या प्लेटवर द्यायचा. पँटोन या ठरावीक शायांच्या शेड कार्डात ऑरेंज ०२१ ही तयार शाई आहे. खर्च वाढतो, म्हणून नग कमी असतील तर ग्राहकाला परवडत नाही, आणि ते त्याला छपाईआधी सांगायला हवं. डिझाइनमध्ये तो रंग स्पॉट म्हणूनच भरा. पीडीएफ काढताना स्पॉटचं प्रोसेसमध्ये, म्हणजे त्याच चार शायांत, रूपांतर करणारा पर्याय चालू राहिला तर पाचवी प्लेट निघतच नाही आणि डबा पुन्हा मळकट छापून येतो. सीटीपीला (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढायला) फाइल देण्याआधी सेपरेशनमध्ये पाच प्लेट मोजून घ्या. ग्राहकाला रंग दाखवायचा तो शेड कार्डवर, मोबाइलच्या स्क्रीनवर नाही.